विश्लेषण : पीएचडी, नर्मदा आंदोलन, बास गिटार आणि राजकीय विनोद… राहुल राम यांची वाटचाल स्वतंत्र संगीताबद्दल काय सांगते?

जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. तिकिटांसाठी एवढी झुंबड उडाली की काळ्या बाजाराचे प्रकरण मुंबई पोलिसांपर्यंत गेले. तिकीट काढून गाणे ऐकायला जाणारा मोठा वर्ग भारतात आहे, यावर त्यामुळे शिक्कामोर्तब झाले. मग हिंदी चित्रपटसृष्टीचा हिस्सा नसलेला, बड्या संगीत कंपनीशी बांधलेला नसलेला इथला रॉक संगीतकार आयुष्यभर कशावर जगतो? या प्रश्नाचे एक उत्तर ‘इंडियन ओशन’ या बँडचे बास गिटारवादक आणि गायक राहुल राम यांच्या तीन दशकांहून अधिक काळच्या वाटचालीत सापडते. त्यांनी एकाच वेळी अनेक कामे केली, ती का, हे पाहिले तर स्वतंत्र संगीताचे अर्थकारणही उलगडते.

राहुल राम कोण आहेत?

राहुल राम दिल्लीत वाढले. रसायनशास्त्राचे शिक्षण दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात आणि मग आयआयटी कानपूरमध्ये झाले. त्यानंतर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी पर्यावरणीय विषशास्त्रात पीएचडी मिळवली. प्रदूषके सजीवांवर कसा परिणाम करतात, याचा अभ्यास या शाखेत होतो. पदवी हातात आल्यावर प्रयोगशाळेत किंवा विद्यापीठात नोकरी धरणे हा सरळ रस्ता होता. ते भारतात परतले आणि नर्मदा बचाओ आंदोलनाच्या कामात उतरले. त्याच सुमारास, १९९१मध्ये, ते ‘इंडियन ओशन’मध्ये दाखल झाले.

हा बँड गिटारवादक सुस्मित सेन आणि तबलावादक-गायक असीम चक्रवर्ती यांनी १९९०मध्ये दिल्लीत सुरू केला होता. १९९४मध्ये ड्रमवादक अमित किलम आले आणि पुढची पंधरा वर्षे टिकलेला चौघांचा संच पूर्ण झाला. रॉकचा ठेका, तबला, गिटारवर रागांच्या अंगाने जाणारी सुरावट आणि लोकगीते असे हे मिश्रण होते. त्या काळी भारतातील बहुतेक रॉक बँड इंग्रजीत गात असत. मुंबईत १९८६पासून होणाऱ्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सवाचा आणि महाविद्यालयीन स्पर्धांचा श्रोताही प्रामुख्याने इंग्रजी रॉकचाच होता. ‘इंडियन ओशन’ने भारतीय भाषा निवडल्या आणि आपला श्रोता स्वतः घडवला.

नर्मदेच्या खोऱ्यातून गाण्यांत काय आले?

नव्वदच्या दशकाचा पूर्वार्ध हा सरदार सरोवर प्रकल्पाविरुद्धच्या लढ्याचा सर्वांत तापलेला काळ होता. मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनाने विस्थापनाचा प्रश्न जगापुढे नेला. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२मध्ये प्रकल्पाच्या अंमलबजावणीवर कठोर ताशेरे ओढले आणि १९९३मध्ये बँकेचे कर्ज थांबले. महाराष्ट्रासाठी हा विषय दूरचा नव्हता. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे बुडिताची झळ सर्वांत आधी सोसणाऱ्या गावांपैकी एक. तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेला हा भाग आज नंदुरबार जिल्ह्यात येतो. राज्यातील ३३ आदिवासी गावे या प्रकल्पाने बाधित झाली. पुढे १८ ऑक्टोबर २०००च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने धरणाचे काम पुढे नेण्यास परवानगी दिली आणि २०१७मध्ये प्रकल्पाचे लोकार्पण झाले.

आंदोलनाला हवे तसे यश आले नाही. खोऱ्यातील गावांत आणि मोर्चांत गायली जाणारी गाणी मात्र राहुल राम यांच्याबरोबर दिल्लीच्या तालमीच्या खोलीत पोहोचली. नर्मदामाईची आळवणी करणारे ‘माँ रेवा’ हे त्यातले सर्वांत गाजलेले. २०००मध्ये आलेल्या ‘कंदिसा’ या अल्बममध्ये ते आहे. भिल्ल समाजातील एका लढवय्यावरचे ‘चीतू’ हे गाणेही याच ओढीतून आले. हिंदी-भोजपुरी कवी गोरख पांडेय यांच्या चळवळीतल्या गीतावर बेतलेले ‘हिल्ले ले’ हेही त्याच अल्बममधले. आंदोलनातली वर्षे संगीताच्या दृष्टीने वाया गेली, असे म्हणता येत नाही ते यामुळेच. बँडची वेगळी ओळख घडवणाऱ्या काही गाण्यांचा कच्चा माल त्या वर्षांनीच पुरवला.

‘स्वतंत्र’ म्हणजे नेमके काय?

ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. पहिला हक्क रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा हक्क प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. व्यवसायात त्याला ‘मास्टर’ म्हणतात. ध्वनिमुद्रणाचा खर्च कंपनीने केला तर मास्टर सहसा कंपनीकडे जातो. गाणे कुठे वाजवायचे, जाहिरातीला द्यायचे का, याचा निर्णयही मग तीच घेते. स्वतंत्र संगीतकार खर्च स्वतः करतो, जोखीमही स्वतः घेतो आणि हक्क शक्यतो आपल्याकडे ठेवतो.

प्रत्यक्षात ही रेषा एवढी ठळक नसते. ‘इंडियन ओशन’चा पहिला अल्बम १९९३मध्ये एचएमव्हीने काढला, तर ‘कंदिसा’ टाइम्स म्युझिकने. या दोघांच्या मधला ‘डेझर्ट रेन’ (१९९७) मात्र स्टुडिओत तयार झालाच नाही. रंगकर्मी सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ ‘सहमत’ ही संस्था दरवर्षी १ जानेवारीला दिल्लीत कार्यक्रम करते. तिथे झालेल्या सादरीकरणाचे मुद्रण हाच तो अल्बम. स्टुडिओच्या भाड्याचा प्रश्नच आला नाही. तेव्हा कंपनीबरोबर काम केले म्हणून स्वातंत्र्य संपत नाही. काय गायचे आणि कोणत्या भाषेत, हे ठरवण्याचा हक्क कोणाकडे राहतो, ही खरी कसोटी. ‘कंदिसा’चे शीर्षकगीत केरळातील सीरियन ख्रिश्चनांच्या प्राचीन प्रार्थनेवर आधारलेले असून ते अरामी परंपरेतील भाषेत आहे. विक्रीचा हिशेब आधी मांडणाऱ्या कंपनीने असे गाणे शीर्षकगीत म्हणून स्वतःहून मागितले असते, ही शक्यता कमीच.

चित्रपटांनी काय दिले?

श्रोत्यांचा परीघ मोठा झाला तो अनुराग कश्यप यांच्या ‘ब्लॅक फ्रायडे’मुळे. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरच्या, एस. हुसैन झैदी यांच्या पुस्तकावर आधारलेल्या या चित्रपटाला बँडने संगीत दिले. खटल्यातील आरोपींच्या याचिकेनंतर न्यायालयाने प्रदर्शन रोखले आणि २००४मध्ये तयार असलेला चित्रपट फेब्रुवारी २००७मध्ये चित्रपटगृहांत आला. गाण्यांना मात्र थांबावे लागले नाही. पीयूष मिश्रा यांनी लिहिलेले ‘बंदे’ चित्रपटाच्या आधीच श्रोत्यांपर्यंत पोहोचले आणि पुढे बँडच्या जवळपास प्रत्येक कार्यक्रमाची मागणी ठरले. त्यानंतर ‘पीपली लाइव्ह’ (२०१०) आणि ‘मसान’ (२०१५) या चित्रपटांसाठीही बँडने काम केले.

इथे कायद्यातील एक बदल महत्त्वाचा आहे. पूर्वी चित्रपटाचे गीतकार-संगीतकार एकरकमी मानधन घेऊन सगळे हक्क निर्मात्याला लिहून देत. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर लावून धरलेल्या मागणीनंतर २०१२मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता गाण्याचा अन्यत्र वापर झाला, तर गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा समान वाटा मिळण्याचा हक्क आता करारानेही काढून घेता येत नाही. वर्षाकाठी मोजकेच काम करणाऱ्या स्वतंत्र संगीतकारासाठी हा मोठा आधार आहे. मात्र वसुलीसाठी हक्कसंस्थेचे सदस्यत्व आणि नोंदी चोख ठेवणे हे वेगळे काम मागे लागते.

मग गाणी फुकट का वाटली?

२५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती यांचे निधन झाले. बँडपुढचा हा सर्वांत अवघड प्रसंग होता. त्यांचा आवाज असलेली काही गाणी तयार होती. ती ‘१६/३३० खजूर रोड’ या नावाने २०१०मध्ये आली. दिल्लीच्या करोलबागेतील ज्या जुन्या घरात बँडची तालीम चाले, त्याचा हा पत्ता. महिन्याला एक याप्रमाणे ही गाणी संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेण्यासाठी ठेवण्यात आली.

वरवर पाहता हा तोट्याचा व्यवहार वाटतो. पण २०१०पर्यंत सीडीची विक्री घसरली होती आणि गाणी फुकट उतरवून घेणे सर्रास झाले होते. अल्बममधून फारसे मिळणारच नसेल, तर निदान गाणे जास्तीत जास्त कानांपर्यंत जावे आणि त्यातले काही श्रोते तिकीट काढून कार्यक्रमाला यावेत, असा हा हिशेब आहे. ध्वनिमुद्रण ही जाहिरात आणि मंच हे दुकान, हे सूत्र आज स्वतंत्र संगीतकारांत रुळले आहे. तेव्हा भारतात ते इतक्या उघडपणे मोजक्यांनीच वापरले होते. त्याच वर्षी पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’ सुरू झाला आणि भारतीय बँडना महाविद्यालयांबाहेरचा मोठा मंच मिळू लागला, हेही या सूत्राच्या पथ्यावर पडले.

मंच हेच दुकान असेल, तर त्यापुढच्या अडचणीही समजून घ्यायला हव्यात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र. नियम गरजेचेच आहेत. पण त्यांचा फटका म्हणून मुंबईत धोबीतलावचे रंगभवन रॉक कार्यक्रमांसाठी बंद झाले आणि त्या तोलामोलाची, परवडणारी खुली जागा शहराला परत मिळाली नाही. २००७मध्ये लोअर परळला सुरू झालेला ‘ब्लू फ्रॉग’ही २०१६मध्ये बंद झाला. मैदान भाड्याने घेणे बड्या आयोजकांना जमते. मधल्या आकाराच्या जागाच नसतील तर नव्या बँडने पाचशे श्रोत्यांसमोर उभे राहायचे कुठे?

स्ट्रीमिंगने प्रश्न सुटला का?

वितरणाचा प्रश्न सुटला, उत्पन्नाचा नाही. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९मध्ये भारतात आले. आज कोणीही घरबसल्या गाणे जगभर पोहोचवू शकतो. पैशांची वाटणी मात्र ढोबळमानाने अशी होते : महिन्याची वर्गणी आणि जाहिरातींचे उत्पन्न एका मोठ्या गंगाजळीत जाते आणि एकूण ऐकण्यात ज्याच्या गाण्यांचा जितका टक्का, तितका त्याचा वाटा. तुम्ही महिनाभर एकाच बँडची गाणी ऐकली, तरी तुमची सगळी वर्गणी त्या बँडकडे जात नाही. भारतात फुकट ऐकणारे बहुसंख्य आणि वर्गणीचे दर कमी, त्यामुळे गंगाजळीच लहान. शिवाय २०२४पासून स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा वाजलेल्या गाण्यालाच ध्वनिमुद्रणाचे पैसे मिळतात. जुन्या, नावाजलेल्या बँडला ही अट जाचत नाही. नवख्याला जाचते.

‘इंडियन ओशन’च्या अल्बमांमधले अंतर पाहिले तर या अर्थकारणाचे दडपण जाणवते. २०१३मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. २०१४मध्ये ‘तांडनू’ आला. त्यात शंकर महादेवन, शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट असे पाहुणे कलाकार होते. त्यानंतरचा ‘तू है’ यायला २०२३ उजाडले. मधल्या काळात बँड थांबला नव्हता. नव्या सदस्यांसह कार्यक्रम सुरूच होते. अल्बम हे उत्पन्नाचे साधन राहिले नाही की त्याची घाईही उरत नाही.

राजकीय विनोदाच्या मंचावर का?

राहुल राम यांचे चौथे काम इथे येते. गीतकार-पटकथाकार वरुण ग्रोवर आणि विनोदकार संजय राजौरा यांच्यासोबत त्यांनी ‘ऐसी तैसी डेमोक्रसी’ हा कार्यक्रम सुरू केला. दोघे बोलणार आणि राहुल राम गाणार, अशी मांडणी. गाणी बहुधा विडंबनाची. भारत-पाकिस्तान संबंधांवरच्या त्यांच्या एका गाजलेल्या गाण्याला ‘पडोसन’ (१९६८) चित्रपटातली चाल आहे. गाण्यातून सत्तेची थट्टा मराठी प्रेक्षकाला नवी नाही. तमाशाच्या वगाने आणि शाहिरांनी हेच केले. फरक एवढाच की इथला प्रेक्षक महानगरातला, तिकीट काढून सभागृहात बसणारा आहे.

आर्थिकदृष्ट्या हा कार्यक्रम सुटसुटीत आहे. पूर्ण बँड, ध्वनियंत्रणा, तंत्रज्ञ यांचा खर्च नाही. तीन माणसे आणि एक गिटार पुरते. पण जोखीम वेगळ्या जातीची आहे. मार्च २०२५मध्ये विनोदकार कुणाल कामरा याच्या विडंबनगीतावरून मुंबईत खार येथील ‘हॅबिटॅट’ या जागेची तोडफोड झाली आणि जागा काही काळ बंद राहिली. अशा प्रकारांत कलाकाराइतकाच, कधी त्याहून जास्त, तोटा जागा देणाऱ्याचा होतो. पुढचा जागाचालक मग आधीच नकार देतो. विडंबनाला कायद्याचे संरक्षण कितपत, हेही संदिग्ध आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात टीका आणि समीक्षेसाठी न्याय्य वापराची सवलत आहे, पण ‘विडंबन’ हा शब्द तिथे वेगळा नमूद नाही. चालीवर हक्क सांगणाऱ्या कंपनीने तक्रार केली, तर यूट्यूबवरचे उत्पन्न सहज थांबू शकते.

लोकगीताचे पैसे कोणाला?

या वाटचालीतला सर्वांत अडचणीचा प्रश्न हा आहे. भारतात रचनेवरचा स्वामित्वहक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कबीराची पदे केव्हाच सर्वांची झाली आहेत. नदीकाठच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गायलेल्या गाण्याला तर कायद्याच्या नजरेत रचनाकारच नाही. लोकसंगीतावर समूहाचा हक्क मानणारी तरतूद स्वामित्वहक्क कायद्यात नाही. परिणामी असे गाणे कोणत्याही बँडने घेतले, त्यावर नवी वाद्यरचना केली, तर त्या नव्या रूपाचे हक्क बँडला मिळतात. जिथून गाणे आले त्या गावाला काहीच मिळत नाही.

कायद्याने यात गैर काही नाही. ‘माँ रेवा’ शहरातल्या श्रोत्यांनी ऐकले, त्यामुळे नर्मदाकाठची माणसे ठाऊक झाली, हेही खरे. आंदोलनात वर्षे घालवून गाणे शिकणारा आणि इंटरनेटवरून चाल उचलणारा, यांत नैतिक अंतर आहेच. तरीही ज्या खोऱ्याची गाणी सभागृहांत वाजली, तिथली अनेक गावे पाण्याखाली गेली, ही बोच उरते. लोकगीते वापरणाऱ्या बँडनी निदान गाण्याचा स्रोत, गाव आणि शिकवणाऱ्याचे नाव ठळकपणे नोंदवावे. शक्य तिथे उत्पन्नातला वाटाही द्यावा. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

हा मार्ग इतरांना जमेल का?

अनेक कामे करणाऱ्या कलाकाराला आपण ‘बहुआयामी’ म्हणून मोकळे होतो. राहुल राम यांच्या बाबतीत हा शब्द निम्मीच गोष्ट सांगतो. बँड, चित्रपट, आंदोलन आणि विनोद यांपैकी एका आघाडीवर मंदी आली तेव्हा दुसरीने तोलून धरले. आंदोलनाने गाणी दिली, गाण्यांनी चित्रपट, चित्रपटांनी श्रोते आणि त्या श्रोत्यांतलेच काही राजकीय विनोदाला आले. कोणत्याही एका मालकावर पूर्णपणे विसंबून नसणे, हाच यातल्या स्वातंत्र्याचा पाया.

पण हा पाया प्रत्येकाला मिळत नाही. कॉर्नेलची पीएचडी हाताशी असणाऱ्याला संगीत फसले तरी परतीचा रस्ता असतो. नांदेडच्या किंवा सोलापूरच्या मुलाने कर्ज काढून गिटार घेतली असेल, तर त्याला पाच वर्षे थांबण्याची मुभा नसते. तो लग्नाच्या वरातीत वाजवेल, शिकवण्या घेईल, ऑफिस सांभाळून रात्री तालीम करेल. त्यालाही आपण अनेक कामे करणारा संगीतकार म्हणायला हवे. फरक इतकाच की त्याची कामे त्याने निवडलेली नसतात.

म्हणून धडा एका माणसाच्या हिकमतीपुरता ठेवून चालणार नाही. पाचशे श्रोत्यांच्या परवडणाऱ्या जागा, परवान्यांची सोपी पद्धत, हक्कसंस्थांकडून वेळेवर आणि पारदर्शक हिशेब, मतभेदाच्या गाण्याला तोडफोडीपासून संरक्षण, या चार गोष्टी झाल्या तर स्वतंत्र संगीतकाराला जगण्यासाठी पीएचडीचा आधार लागणार नाही. कोल्डप्लेसाठी मैदान भरणारा श्रोता आपल्याकडे आहे. त्याच्या जवळच्या सभागृहात, महिन्यातून एकदा तरी, इथला बँड वाजेल का, हा प्रश्न आता महापालिका, सरकार आणि आयोजकांनी सोडवायचा आहे.